विचारणारं माणूस

हॅना मिल्स ही लीड्समधली, ख्रिस्ती क्वेकर पंथातली एक विधवा. मार्च १७९० मध्ये तिला यॉर्कच्या वेड्यांच्या इस्पितळात दाखल केलं गेलं. घरची माणसं लांब. त्यांनी यॉर्कमधल्या क्वेकर मंडळींना निरोप धाडला, की जमेल तेव्हा जाऊन तिची विचारपूस करा. मंडळी गेली, पण बाई भेटण्याच्या स्थितीत नाहीत असं सांगून त्यांना दारातूनच परत पाठवलं. एप्रिल सरायच्या आत हॅना वारली. तिला आत कसं ठेवलं होतं आणि शेवटी काय झालं, ते कुणाला कळलंच नाही. ही गोष्ट यॉर्कमधले चहाचे व्यापारी विल्यम ट्यूक यांच्या मनाला लागली. त्यांनी क्वेकर समाजाकडून पैसा उभा केला आणि १७९६ मध्ये 'द रिट्रीट' सुरू झालं. मनोरुग्णाला साखळदंडाऐवजी माणुसकीनं वागवावं, त्याला काम, बाग आणि बोलणंचालणं मिळावं, हा विचार तिथून जगभर गेला. मानसोपचाराच्या इतिहासात ट्यूक यांचं नाव येतंच. ज्या बाईमुळे हे घडलं ती मात्र आमच्या लीड्सची होती, हे लीड्समध्येही फार थोड्यांना ठाऊक आहे.

मी मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात नर्सिंग शिकले, लग्न होऊन लीड्सला आले आणि इथे मानसोपचाराच्या नर्सिंगचं वेगळं शिक्षण घेऊन याच कामात हयात घालवली. आधी शहराबाहेर मेन्स्टनच्या हाय रॉइड्स हॉस्पिटलात होते, मग शहरात दारोदार फिरणारी कम्युनिटी नर्स झाले. निवृत्तीनंतर या कामाचा मागचा इतिहास वाचायला घेतला. ज्या मोठ्या माणसाला आजारामुळे स्वतःचं सगळं सांभाळता येत नाही, त्याच्या वतीनं बोलायचं कुणी, आणि त्याच्याकडे जायचं कुणी? लीड्स या प्रश्नाशी दोनशेहून अधिक वर्षं झुंजतं आहे. अधिकार कुणाला, हे कायद्यानं पुनःपुन्हा ठरवलं. भेटायला जाण्याचं बंधन मात्र फार क्वचित घातलं. माझ्या मते या सगळ्या इतिहासाचं मर्म तिथेच आहे.

जुन्या इंग्लंडात पालक मिळायचा तो इस्टेटवाल्यांना. भ्रमिष्ट माणसाच्या जमीनजुमल्याची जबाबदारी राजाकडे असे. राजाच्या वतीनं लॉर्ड चान्सलर ती बघत आणि एकाला माणसाचा सांभाळ, दुसऱ्याला मालमत्तेचा सांभाळ सोपवत. ज्याच्याकडे काहीच नाही त्याचा वाली म्हणजे गावचा गरिबांसाठीचा फंड, नाहीतर तुरुंग. १८०८ च्या कायद्यानं प्रत्येक परगण्याला गरीब मनोरुग्णांसाठी इस्पितळ बांधायची मुभा दिली. वेस्ट रायडिंग परगण्यानं १८१८ मध्ये वेकफिल्डला ते बांधलं. पहिले प्रमुख डॉक्टर विल्यम एलिस आणि मेट्रन म्हणून काम बघणाऱ्या त्यांच्या पत्नी मिल्ड्रेड, या दोघांनी रुग्णांना हाताला काम देण्यावर भर दिला. लीड्सच्या गिरण्यांमधले, तळघरांतल्या खोल्यांमधले आजारी लोक तिकडे जाऊ लागले. शहर फुगत गेलं, वेकफिल्ड भरलं, शेफिल्डजवळ दुसरं इस्पितळ झालं, तेही पुरेना. मग लीड्सच्या वायव्येला मेन्स्टनच्या उतारावर तिसरं, म्हणजे पुढचं हाय रॉइड्स, बांधलं गेलं आणि ऑक्टोबर १८८८ मध्ये ते उघडलं. जे. व्हिकर्स एडवर्ड्स यांनी आराखडा केलेली ती दगडी इमारत, घड्याळाचा मनोरा, बाणाच्या टोकासारखे मागे सरकत गेलेले वॉर्ड, स्वतःची शेती, बेकरी, धोबीखाना, नाचाचं मोठं दालन. माल आणायला मेन्स्टन स्टेशनपासून इस्पितळापर्यंत स्वतःचा रेल्वेफाटासुद्धा होता.

माणूस त्या दारातून आत कसा जाई, ते कागदावरून समजतं. १८९० च्या ल्युनसी ॲक्टनंतर गरीब रुग्णाला भरती करायला मॅजिस्ट्रेटचा हुकूम आणि एका डॉक्टरचा दाखला लागे. दाखल्यात दोन रकाने असत. पहिल्यात डॉक्टरनं स्वतः पाहिलेली लक्षणं आणि दुसऱ्यात इतरांनी सांगितलेली. या दुसऱ्या रकान्यात बायको, शेजारीण, खानावळवाली, वर्कहाउसचा नोकर यांचं बोलणं दोन-तीन ओळींत येतं. जेवत नाही. रात्री दार उघडून बाहेर जातो. मुलांना ओळखत नाही. पुष्कळदा त्या माणसाच्या आधीच्या आयुष्याबद्दल सरकारदरबारी तेवढंच उरतं. ही सगळी जमवाजमव करणारा इसम म्हणजे रिलीव्हिंग ऑफिसर. गरिबांच्या मदतीचे पैसे वाटणं हे त्याचं मुख्य काम आणि वेडसर माणसाला मॅजिस्ट्रेटपुढे उभं करणं हे जोडकाम. इस्पितळाच्या दाराशी त्याची जबाबदारी संपे.

याच कायद्यात पैसे भरून दाखल होणाऱ्या रुग्णासाठी वेगळी वाट होती. त्याच्या नातेवाइकाला अर्ज करावा लागे आणि त्या अर्जात लेखी हमी द्यावी लागे, की सहा महिन्यांतून निदान एकदा मी स्वतः येईन किंवा माझ्या वतीनं कुणाला तरी भेटायला पाठवीन. हॅना मिल्सच्या मृत्यूनंतर शंभर वर्षांनी कायद्यानं भेटीची किंमत ओळखली, पण ती पैसेवाल्यांपुरती. गरिबासाठी अशी हमी कुणी देत नव्हतं आणि कुणी मागतही नव्हतं. मेन्स्टनच्या बकल लेनवर इस्पितळाची दफनभूमी आहे. १८९० ते १९६९ या काळात तिथे अडीच हजारांहून जास्त रुग्णांना मूठमाती मिळाली, बहुतेकांच्या थडग्यावर नावाचा दगडही नाही. आता स्थानिक मंडळींनी तिथे स्मृतिउद्यान केलं आहे. मी तिथे जाते तेव्हा त्या हमीचा विचार मनात येतोच.

इस्टेट नसलेल्या मोठ्या माणसालाही इस्पितळाबाहेर कायदेशीर पालक देण्याची कल्पना आली ती दुसऱ्या बाजूनं. १९१३ चा मेंटल डेफिशियन्सी ॲक्ट हा बुद्धीची वाढ कमी असलेल्यांसाठी होता, मनोरुग्णांसाठी नव्हता. पालकत्वाचा हुकूम त्यातच प्रथम आला. पालकाला अधिकार किती, तर समोरचा माणूस चौदा वर्षांच्या आतलं मूल आहे आणि पालक त्याचा बाप आहे असं धरून जेवढे होतील तेवढे. चाळिशीच्या बाईनं कुठे राहायचं, कुठे काम करायचं, कुणाशी बोलायचं, सगळं पालक ठरवी. लीड्समध्ये हा कायदा फार हिरिरीनं राबवला गेला. महापालिकेचे अधिकारी सॅम्युअल वर्माल्ड यांनी त्यावर मार्गदर्शक पुस्तक लिहिलं आणि मीनवुड पार्कमध्ये मोठी वसाहत उभी राहिली. तिथे कित्येकांची सगळी उमर गेली. पुढे १९५९ च्या मेंटल हेल्थ ॲक्टनं पालकत्व मनोरुग्णांनाही लागू केलं, तेव्हा चौदा वर्षांच्या मुलाचं ते कलम तसंच उचललं. इतका सर्वंकष अधिकार वापरायला महापालिका आणि डॉक्टर दोघंही कचरत, त्यामुळे मनोरुग्णांच्या बाबतीत ही तरतूद बहुतांशी कागदावरच राहिली.

आणि नेमक्या त्याच सुमारास दारं उघडू लागली. १९५० च्या दशकाच्या मध्यावर इंग्लंड-वेल्सच्या मनोरुग्णालयांत सुमारे दीड लाख माणसं होती. मार्च १९६१ मध्ये आरोग्यमंत्री ईनॉक पॉवेल यांनी ही जुनी इस्पितळं मोडीत काढायची, असं जाहीर भाषणात सांगितलं. नवी औषधं आली होती, माणसं घरी जाऊ शकत होती. पण घर असलेल्यांनी घरी जायचं. ज्याला घरच नाही त्यानं कुठे जायचं?

लीड्सकडे या प्रश्नाचं एक उत्तर आहे आणि ते या शहराला आजही बोचतं. डेव्हिड ओलुवाले हा नायजेरियातला तरुण १९४९ मध्ये जहाजात लपून हल बंदराला उतरला आणि लीड्सला आला. १९५३ मध्ये त्याला अटक झाली आणि तुरुंगातून त्याला मेन्स्टनला पाठवण्यात आलं. तिथे तो आठ वर्षं होता. १९६१ मध्ये बाहेर आला, १९६५ मध्ये पुन्हा आत गेला, १९६७ मध्ये पुन्हा बाहेर. त्यानंतर तो शहराच्या मध्यभागी दुकानांच्या दारांत झोपत असे. दोन पोलीस अधिकारी त्याच्या मागे लागले होते. त्याला मारत, शहराबाहेर नेऊन सोडून देत. मे १९६९ मध्ये त्याचं प्रेत एअर नदीत सापडलं. किलिंगबेकच्या कब्रस्तानात आणखी नऊ जणांसोबत एकाच खड्ड्यात त्याला पुरलं. १९७१ मध्ये त्या दोघांना मारहाणीसाठी तुरुंगवास झाला, त्याच्या मृत्यूबद्दल मात्र कुणी दोषी ठरलं नाही. जानेवारी २०२३ मध्ये एअर नदीवरच्या नव्या पादचारी पुलाला त्याचं नाव दिलं. पुलाचा मला अभिमान वाटतो. पण एका नर्सच्या नजरेनं मी हे आयुष्य बघते तेव्हा १९६७ ते १९६९ या दोन वर्षांपाशी अडखळते. मनोरुग्णासाठी पालकत्वाचं कलम तेव्हा कायद्यात होतं, महापालिका होती, दवाखाने होते. आज डेव्हिड कुठे झोपला, हे विचारणं मात्र कुणाच्या नेमून दिलेल्या कामात बसत नव्हतं.

१९८३ च्या मेंटल हेल्थ ॲक्टनं पालकत्व छाटून माणसाच्या मापाचं केलं. बापाचे अधिकार गेले, तीनच उरले. कुठे राहायचं ते पालक सांगू शकतो. उपचार, काम किंवा शिक्षणासाठी अमुक ठिकाणी हजर राहा, असं सांगू शकतो. आणि डॉक्टर किंवा सोशल वर्कर घरी आले तर त्यांना भेटू दिलं पाहिजे, असा आग्रह धरू शकतो. औषध जबरदस्तीनं पाजू शकत नाही, पैशाला हात लावू शकत नाही. दोन डॉक्टरांची शिफारस लागते, अर्ज तेव्हा सोशल वर्कर किंवा नातेवाईक करे, पालक बहुधा काउन्सिलच असते. मुदत पहिल्यांदा सहा महिने, पुन्हा सहा महिने, मग वर्षा-वर्षानं. आणि नियमांत एक गोष्ट स्पष्ट आहे: काउन्सिलच्या माणसानं पालकत्वाखालच्या व्यक्तीला तीन महिन्यांतून निदान एकदा भेटलंच पाहिजे. याच कायद्याच्या ११७ व्या कलमानं, सक्तीच्या उपचारासाठी दाखल झालेल्या माणसाची बाहेर आल्यावरची काळजी आरोग्यखातं आणि काउन्सिल या दोघांवर बंधनकारक केली. रिलीव्हिंग ऑफिसरचा वारस आता ॲप्रूव्ह्ड सोशल वर्कर झाला होता. माणसाला आत पाठवण्याआधी बाहेर काही सोय होते का, हे तपासणं त्याचं कर्तव्य ठरलं.

मी हाय रॉइड्सला होते तो काळ हाच, वॉर्ड एकेक करून रिकामे होण्याचा. आमच्या वॉर्डात तीस-तीस वर्षं राहिलेल्या बाया होत्या. त्यांतल्या काहींना आर्मलीतल्या ओळीच्या घरांपैकी एका घरात हलवलं आणि आम्ही नर्सेस आळीपाळीनं तिथे जाऊ लागलो. एक बाई रोज रात्री जेवण झालं की टेबलापाशी उभ्या राहायच्या आणि विचारायच्या, सुऱ्या-काटे मोजायला कोण येणार? वॉर्डात प्रत्येक जेवणानंतर सुऱ्या-काटे मोजले जात. आकडा जुळल्याशिवाय कुणी जागचं उठत नसे. या घरात कुणी मोजत नाही, हे त्यांना पटायला पुष्कळ दिवस लागले. मोजणं थांबलं याचा मला आनंदच होता. पण त्या विचारण्यात आणखी काहीतरी होतं, ते पुढे कळलं. वॉर्डात कुणीतरी दिवसातून तीनदा येऊन बघत असे. जेवण, औषध, दातदुखी, पेन्शनचे पैसे, वाढदिवस, सगळं एका छपराखाली आणि एका चोपडीत होतं. छप्पर गेलं, तेव्हा दातांचा डॉक्टर एकीकडे, घराचं ऑफिस दुसरीकडे, इंजेक्शनचं क्लिनिक तिसरीकडे आणि भत्त्याचे फॉर्म चौथीकडे गेले. इमारत जे बरंवाईट सांभाळत होती, ते आता कुणीतरी एकानं सांभाळायला हवं होतं.

सरकारला ही जाग एका मृत्यूनं आली. १९८४ मध्ये लंडनजवळच्या बेक्सली हॉस्पिटलात इझाबेल श्वार्ट्झ या सोशल वर्करचा तिच्याच एका माजी रुग्णाकडून खून झाला. चौकशीचा अहवाल १९८८ मध्ये आला आणि एप्रिल १९९१ पासून 'केअर प्रोग्राम ॲप्रोच' सुरू झाला. चार साधी कलमं होती: गरजा नीट तपासा, लेखी आराखडा करा, एक की-वर्कर नेमा, ठरावीक काळानं पुन्हा बसा. १९९२ च्या डिसेंबरात लंडनच्या एका स्टेशनवर जोनाथन झिटो या तरुणाचा बळी गेला. मारणारा रुग्ण कित्येक इस्पितळं आणि वसतिगृहं फिरून आला होता आणि एकाची माहिती दुसऱ्याकडे पोहोचलीच नव्हती, हे १९९४ च्या अहवालानं दाखवलं. बहुसंख्य मनोरुग्ण कुणालाही इजा करत नाहीत, सोसणं त्यांच्याच वाट्याला जास्त येतं, हे मी अनुभवानं सांगते. तरीही त्या अहवालानंतर कामाला शिस्त आली. १९९९ मध्ये की-वर्करचं नाव केअर कोऑर्डिनेटर झालं.

हे काम म्हणजे काय, ते माझ्या पिशवीतून सांगता येईल. पंधरवड्याचं डेपो इंजेक्शन, वापरलेल्या सुया टाकायचा पिवळा डबा, डायरी, भत्त्याचे फॉर्म. हेअरहिल्समधल्या एका घरी मी पोचते. वीज गेलेली असते, कारण मीटरच्या चावीत पैसे भरलेले नसतात. पैसे नसतात, कारण भत्ता थांबलेला. भत्ता थांबलेला, कारण तपासणीचं पत्र उघडलेलं नसतं. पत्र उघडलेलं नसतं, कारण आवाज पुन्हा सुरू झालेले आणि पत्रात काय आहे ते आवाज आधीच सांगून चुकलेले. डॉक्टरला फक्त आवाज दिसतात, भत्त्याच्या ऑफिसला फक्त न आलेला माणूस दिसतो, घरमालकाला थकलेलं भाडं. चारही गोष्टी एका दोरीत दिसणारी एकच व्यक्ती, ती म्हणजे केअर कोऑर्डिनेटर. पालकत्वाचा हुकूम असो वा नसो, माणूस टिकतो तो या रोजच्या कामावर. अमुक घरात राहा, एवढंच कायदा सांगतो. घरात वीज असेल हे कुणीतरी बघावं लागतं.

आपल्या मराठी कुटुंबांबद्दल इथे आवर्जून सांगते, कारण फोन मलाच येतात. सांगली, नाशिक, ठाण्याहून आई-बाप रडत विचारतात, आमच्या मुलाला तिथे इस्पितळात ठेवलंय, आम्ही आई-बाप, आम्हाला कुणी काही सांगत का नाही? भारतात १९१२ च्या ल्युनसी ॲक्टपासून सगळी भिस्त कुटुंबावरच होती. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं रुग्णाला आपला प्रतिनिधी स्वतः नेमायचा हक्क दिला, तरी घरात अजून बापाचा शब्द चालतो. इथे अठरा वर्षं पूर्ण झाली की केवळ आई-बाप म्हणून आपोआप कोणताही अधिकार उरत नाही. काही अधिकार असतात ते १९८३ च्या कायद्यातल्या 'निअरेस्ट रिलेटिव्ह'ला, म्हणजे सर्वांत जवळच्या नातेवाइकाला. पालकत्वाला तो आक्षेप घेऊ शकतो, रुग्णाला सोडा अशी मागणी करू शकतो. त्याचा क्रम कायद्यानं ठरवलेला आहे: नवरा-बायको, मुलं, आई-वडील, भावंडं, मग आजी-आजोबा, नातवंडं, काका-मामा, भाचे-पुतणे. मात्र रुग्णाचं वास्तव्य ब्रिटनमध्ये असेल, तर परदेशात राहणारा नातेवाईक या यादीत धरलाच जात नाही. बाप पुण्यात असेल तर तो वगळला जातो आणि बर्मिंगहॅमचा मामा त्या जागी येतो, भले त्यानं भाच्याला दहा वर्षांत पाहिलं नसेल. पैशाचा प्रश्न आणखी निराळा, तो कोर्ट ऑफ प्रोटेक्शनकडे. नोव्हेंबर २०२४ मध्ये संसदेत आलेल्या विधेयकात या यादीऐवजी रुग्णानं स्वतः नेमलेला माणूस ठेवण्याचा प्रस्ताव होता. मला तो मनापासून पटतो. पण आजारी माणूस ज्याला नेमेल तोही कधी हजार मैलांवर असणार. म्हणून फोनवर मी आई-बापांना पहिला प्रश्न हाच करायला सांगते: केअर कोऑर्डिनेटर कोण? त्याला लिहा. मुलगा काय खातो, मागच्या खेपेला आजाराची चाहूल कशी लागली, कुणाचा आवाज ऐकून शांत होतो. तुमची माहिती घ्यायला त्याला कोणाची आडकाठी नाही. तुम्हाला माहिती द्यायला मात्र मुलाची संमती लागते.

हाय रॉइड्स २००३ मध्ये बंद झालं. आता तिथे घरं आहेत आणि रुग्णांसाठी शहरात बेकलिन सेंटर, न्यूसॅम सेंटर अशी छोटी युनिट्स आहेत. १९९९ मध्ये हॉल्टनमध्ये 'डायल हाउस' सुरू झालं, स्वतः या आजारातून गेलेल्या लोकांनी चालवलेलं, रात्री संकटात सापडलेल्यांसाठी. पुढच्या दोन-तीन वर्षांत सरकारी मार्गदर्शिकांनी आकडे दिले: सर्वांत कठीण प्रसंगांत एका कोऑर्डिनेटरकडे जास्तीत जास्त १२ माणसं आणि सर्वसाधारण टीममध्ये ३५. त्या काळात आम्ही माणसाला नावानं, जिन्यानं, शेजाऱ्यांसकट ओळखत होतो. पण हे आकडे मार्गदर्शिकेत होते, कायद्यात कधीच आले नाहीत. पैसा आटला तेव्हा पहिले तेच विरघळले. २०२१ पासून केअर प्रोग्राम ॲप्रोचच मागे सारायचं धोरण आहे आणि त्या जागी सगळ्यांसाठी अधिक लवचीक व्यवस्था येते आहे. कागदपत्रांचं ओझं कमी होणार असेल तर मी स्वागतच करेन.

फक्त एक मागणी आहे. १८९० च्या कायद्यानं श्रीमंताच्या नातेवाइकाला सहा महिन्यांची भेट बांधून दिली. पालकत्वाच्या नियमांनी काउन्सिलला तीन महिन्यांची दिली. म्हणजे भेटीचं बंधन कायद्यात लिहिता येतं. तसंच ते गंभीर मानसिक आजार असलेल्या प्रत्येकासाठी लिहा: एक नाव, त्या नावाकडे जास्तीत जास्त किती माणसं, आणि त्यानं किती दिवसांत प्रत्यक्ष भेटलं पाहिजे. लीड्समधल्या मराठी मंडळींनी आपल्या नगरसेवकाला आणि खासदाराला हे तीन प्रश्न लेखी विचारावेत, आपल्या घरात कुणी आजारी नसलं तरी. ज्याला विचारणारं कोणी नाही, त्याच्यासाठी आपण विचारायचं आहे.